घड्याळजीचा चिमटा

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला सगळी गल्ली घड्याळजी म्हणते. मीही तेच म्हणते. तोंडावर अहोजाहो करते, पण लिहिताना एकेरीवर येणार आहे. एक तर तो माझ्यापेक्षा लहान आहे, आणि दुसरं म्हणजे मासा घड्याळासारखा उघडणाऱ्या माणसाबद्दल आदरार्थी बहुवचनात लिहायला बसले तर पहिल्याच पानावर मला हसू फुटेल.

त्याचं दुकान त्याच्याच घराखाली आहे. आत दोन माणसं शिरली तर तिसऱ्याने रस्त्यावरून बोलायचं, एवढी जागा. पुढे काचेचं कपाट, त्यामागे उंच बाक, बाकावर मान वाकवलेला दिवा आणि दिव्याखाली मान वाकवलेला घड्याळजी. उजव्या डोळ्याला भिंग. ते वर्षानुवर्षं लावून डोळ्याभोवती गोल वळ पडलाय, तो आता झोपेतसुद्धा जात नाही असं धाकटी सांगते. हातात चिमटा, आणि कोपऱ्यात काचेच्या छोट्या वाटीत पेट्रोल. घड्याळातला भाग उचलायचा, जागेवर ठेवायचा, चिमट्याचं टोक वाटीत बुडवायचं, फडक्याला पुसायचं, मग पुढचा भाग. गप्पा चालू असोत, गिऱ्हाईक भांडत असो, जांभई येत असो, हाताचं हे चक्र थांबत नाही. उचलायचं, बुडवायचं, पुसायचं. मला कुणाकडे अर्धा तास स्वस्थ बसवत नाही, पण ते बघत मी तिथल्या मोडक्या स्टुलावर बसलेली आहे.

बोलण्याचं मात्र नाव नको. गिऱ्हाइकाने विचारलं, घड्याळ कधी मिळेल, तर हा म्हणणार, झालं की. वेळेच्या धंद्यात बसलेल्या माणसाला वेळ विचारावी आणि असं उत्तर मिळावं! मी कॉलेजात तीस वर्षं शिकवलं. ‘झालं की’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना मी वर्गाबाहेर उभं केलेलं आहे.

तो आमच्या घरी पहिल्यांदा आला तो भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला. दुरुस्त करून गेला आणि पंधरवड्यात घड्याळ बंद पडलं. पुन्हा आला, पुन्हा बंद. आमचे वडील म्हणाले, कारागीर कच्चा आहे. आई म्हणाली, घड्याळच म्हातारं झालंय. मी म्हणाले, दुसऱ्या कुणाला बोलवा. धाकटी काहीच म्हणाली नाही, कारण लंबकाच्या मागे कापसाचा बोळा तीच कोंबत होती. घड्याळजीला हे पहिल्याच वेळी कळलं होतं. तो शिडीवर चढायचा, बोळा काढायचा, गुपचूप खिशात घालायचा, उगाच थोडी खाटखुट करायचा आणि आई देईल तो चहा पिऊन जायचा. घरात लग्नाचा विषय निघाला तेव्हा हे सगळं उघडकीला आलं. आई पदर तोंडाला लावून हसली. मी रागावले. मला वाटत होतं, बहिणीने जरा शिकलेला, चारचौघांत बोलणारा नवरा करावा. ती म्हणाली, बोलणारी तू आहेस ना घरात, अजून एक कशाला?

आता सुपाबद्दल.

लग्नानंतर पहिल्याच थंडीत त्याला समुद्रकाठच्या एका मोठ्या हॉटेलातून बोलावणं आलं. हॉटेलच्या मनोऱ्यावरचं घड्याळ बंद पडलं होतं. हा धाकटीला घेऊन गेला. काम आठवडाभराचं म्हणून गेले, राहिले पंधरा दिवस. हॉटेलचा आचारी इटालियन होता. याची भाषा त्याला येईना, त्याची याला. पण मनोऱ्यावरून गारठून खाली आलेल्या याला आणि धाकटीला तो रोज दुपारी स्वयंपाकघराच्या मागच्या टेबलावर बसवायचा आणि पुढे खोलगट ताटल्या ठेवायचा. भाज्यांचं दाट सूप, त्यात शिजून फुटायला आलेले पांढरे बीन्स, बोटाच्या पेराएवढा पास्ता आणि वरून मासा. पहिल्या दिवशी धाकटीने त्यावर चीज किसायला घेतलं तर त्या माणसाने तिचं मनगटच धरलं. माशावर चीज म्हणजे त्याच्या लेखी घोर पाप. धाकटी पंधरा दिवस त्या स्वयंपाकघरात उभी राहून बघत होती, आणि परत आली ती सूप शिकूनच.

पुढे दर थंडीत तिच्या घरी ते सूप. मला त्याचं निमंत्रण लागत नसे. वास दोन गल्ल्या ओलांडून यायचा. कांदा, गाजर, सेलरी बारीक चिरून ऑलिव्हच्या तेलात मंद आचेवर. इतक्या मंद की मी असते तर गॅस मोठा करून मोकळी झाले असते. मग लसूण, टोमॅटो, बटाटा, कोबी, झुकिनी. बीन्स आदल्या रात्री भिजवलेले, निम्मे अख्खे आणि निम्मे कुस्करून, म्हणजे सूप दाट होतं. माशाचं डोकं वेगळं उकळून त्याचं पाणी गाळून घालायचं. मासा सगळ्यात शेवटी, झाकण ठेवून, गॅस बंद करून. आणि मासाही कुठला, तर तो बारीक काट्यांचा, खडकांतला. चव त्यालाच, असं तिचं म्हणणं. खाताना ती घड्याळजीच्या ताटलीतले काटे काढून कडेला ठेवायची. हा दिवसभर भिंगातून बघून थकलेला, ताटलीकडे बघायचा कंटाळा करायचा. तिची बोटं त्याच्या ताटलीत आणि तोंडाने माझ्याशी वाद, असं आमचं जेवण चालायचं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

चार वर्षांपूर्वी धाकटीचे डोळे बिघडायला लागले. पडद्याचा मधला भाग झिजलाय, डॉक्टर म्हणाले, औषधाने फक्त वेग कमी होईल. तिला कडेचं दिसतं, समोरचं जातं. दाराची चौकट दिसते, दारातला माणूस दिसत नाही. टेबल दिसतं, ताटली दिसत नाही. आधी तिने वाचणं सोडलं. मग विणकाम सोडलं, अर्धा स्वेटर सुयांसकट मला आणून दिला. मग बाजार सोडला. प्रत्येक वेळी म्हणायची, मला आता त्याचा कंटाळा आलाय. आणि आम्ही मान डोलवायचो.

मग माझ्याकडे ते जेवण झालं. कॉलेजातल्या जुन्या मैत्रिणी आल्या होत्या, मी मासा केला होता, आणि धाकटीच्या घशात काटा अडकला. ठसका, पाण्याचा ग्लास पडला, खुर्च्या सरकल्या, कुणी पाठीत धपाटे घालतंय, कुणी पावाचा तुकडा गिळायला सांगतंय. शेवटी डॉक्टरकडे नेऊन काढावा लागला. घरी जाताना रिक्षात ती म्हणाली, “मला आता मासा आवडत नाही.”

त्यानंतर तिने टेबलावर बसणंच सोडलं. आम्हाला वाढायची, हाताला सवय होती म्हणून नीट वाढायची, आणि आमचं झालं की स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून एकटी जेवायची. भात किंवा पाव आणि काहीतरी मऊ.

एके दिवशी घड्याळजी माझ्या घरी आला. कधी न येणारा माणूस कामाच्या दिवशी दुकान बंद करून आला म्हणून मी घाबरलेच. चहा पुढे ठेवला, तो गार झाला, तरी हा गप्प. माझा धीर सुटला. म्हटलं, घड्याळजी, बोला तरी, नाहीतर मी माझ्या कामाला लागते.

तो म्हणाला, “ताई, घड्याळ एकदम बंद पडत नाही. आधी जरा जरा मागे पडायला लागतं. ती मागे पडत चालली आहे.”

मग सगळं एका दमात बोलला. याच्यापुढे ती आणखी काय सोडेल याची त्याला भीती वाटत होती. जिना उतरणं सोडेल. माणसांशी बोलणं सोडेल. इतकं सगळं गेलं ते तो परत आणू शकत नव्हता, डोळे त्याला दुरुस्त करता येत नव्हते. पण मासा आणता येईल. तिने टेबलावर बसून पुन्हा एकदा मासा खाल्ला की बाकीचं मागून येईल, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. सूप तो स्वतः करणार होता आणि त्यासाठी त्याला माझं स्वयंपाकघर हवं होतं.

मी म्हटलं, बाजारात बिनकाट्याचा मासा मिळतो, तो आणा की. त्याने आणून पाहिला होता. तिने बोटाने दाबून बघितला आणि कापसाला हात लावल्यासारखा बाजूला सारला. शिवाय बिनकाट्याच्या म्हणणाऱ्या माशातही एखादा काटा असतोच. विकणाऱ्याच्या जिभेला हाड नसतं म्हणून माशालाही नसेल असं थोडंच आहे.

स्वयंपाकातलं त्याला चहापलीकडे काही येत नव्हतं. धाकटीला विचारलं असतं तर तिला संशय आला असता, आणि मी पडले खाणारी; वर लिहिलेली कृती मला पुढे धाकटीकडून कळली. मग त्याने त्याच्या पद्धतीने सूप उघडलं. घड्याळ उघडताना जो भाग सगळ्यात शेवटी बाहेर येतो, तो जोडताना सगळ्यात आधी आत जातो. घड्याळजी माझ्या टेबलाशी डोळे मिटून बसला आणि आठवायला लागला. चमच्यात सगळ्यात वर काय असतं? मासा. मासा अख्खा असतो, म्हणजे शेवटी पडला. पास्ता दाताला लागतो, म्हणजे त्याच्या आधी. झुकिनीला अजून कड असते, बटाट्याची कड मोडलेली असते, म्हणजे बटाटा आधी. कांदा तर दिसतच नाही, नुसता लागतो. म्हणजे कांदा पहिला. मी ऐकतच राहिले. मग त्याने माझ्या घरातल्या डब्यांची सगळी झाकणं मागून घेतली, प्रत्येक झाकणात एक भाजी चिरून ठेवली आणि झाकणं ओट्यावर ओळीने मांडली. चिरलेल्या गाजराचा तुकडा अन् तुकडा सारखा. ते चिरेपर्यंत माझं वर्तमानपत्र वाचून झालं, त्यातलं कोडं सुटलं, आणि मी दोनदा विचारून आले की आज होणार आहे की उद्या. तो म्हणाला, झालं की.

दोन वेळा करून पाहिलं, माशाशिवाय. पहिलं करपलं, दुसरं चांगलं झालं. बेसिलची पानं आधीच टाकून काळी केली होती, पण चांगलं झालं.

मासा त्याने रविवारी सकाळी घेतला. मासेवाली ओळखीची. तिने खवले काढून, पोट साफ करून, तुकडे करून दिले, डोकी वेगळी दिली, आणि विचारलं, आज बाई नाही आल्या? घड्याळजीने मान हलवली. मग तो मासा घेऊन घरी गेला नाही, माझ्याकडे आला नाही, दुकानात गेला. शटर अर्धं खाली ओढलं, बाकावर कागद अंथरला, त्यावर ट्रे, ट्रेमध्ये मासा. दिवा लावला, भिंग लावलं, चिमटा घेतला. मी डोकी न्यायला गेले तेव्हा शटरखालून वाकून बघितलं. एकेक काटा दिव्याच्या उजेडात धरून तो काचेवर ओळीने मांडत होता. डावीकडचा एक, उजवीकडचा एक, जोडी जुळली की पुढे. जोडी जुळली नाही की परत माशात शोध. मी म्हटलं, त्यांना पुन्हा जोडून मासा पोहायला सोडणार आहात का? तो हसलासुद्धा नाही. त्याची मुलगी, आता परगावी असते ती, लहानपणी घड्याळाचे काटे आणि माशाचे काटे यावर एक विनोद करायची. तो मला आठवला, पण मी केला नाही.

मला तेव्हा सर्दी होती. हे आधीच सांगून ठेवते.

दुपारी सूप माझ्याकडून त्यांच्या घरी गेलं, फडक्यात गुंडाळलेल्या पातेल्यातून. तू बसल्याशिवाय मी चमचा उचलणार नाही म्हणून मी अडून बसले, तेव्हा धाकटीला टेबलावर बसणं भाग पडलं. घड्याळजीने तिच्यापुढे खोलगट ताटली ठेवली आणि म्हणाला, यात काटा नाही. एवढंच. स्वतः उभाच राहिला, तिच्या मागे, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून.

तिने वास घेतला. तिचा चेहरा आधी असा उजळला की मला वाटलं, जिंकलो. मग तिने चमचा तोंडात घातला, आणि तो घास तिथेच धरून ठेवला. गिळला. चमचा ताटलीत ठेवला.

“हा मासा दुकानातून आलाय.”

घड्याळजी म्हणाला, बाजारातून.

“बाजारातून दुकानात आणि दुकानातून इथे. पेट्रोलचा वास येतोय.”

मी घाईघाईने एक चमचा घेतला. सर्दी असूनही कळलं. बेसिल, लसूण, टोमॅटो, समुद्र आणि त्या सगळ्यांच्या मागे, मोटारगाड्यांच्या गॅरेजसारखं काहीतरी. उचलायचं, बुडवायचं, पुसायचं. सकाळभर प्रत्येक काट्यानंतर त्याचा चिमटा त्या वाटीत बुडत होता आणि त्याचं त्याला ठाऊकही नव्हतं. ज्या नाकात पन्नास वर्षं पेट्रोलच गेलं, त्या नाकाला वास कुठून येणार?

मी हसायला लागले. मला वाटलं, तीही हसेल. ती हसली नाही. तिने विचारलं की मासा दुकानात कशाला नेला होता, आणि त्याने खरं ते सांगितलं. खोटं त्याला पटकन सुचत नाही.

धाकटी म्हणाली, “मला दिसत नाही. दात आहेत मला. बाळासाठी चावून ठेवतात तसं, मला न सांगता?”

उठली, भिंतीला हात लावत आत गेली. घड्याळजी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तसाच उभा राहिला. सूप कुणीच खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे भांडायलाच गेले. त्याने किती खटपट केली ते सांगितलं. डब्यांची झाकणं, डोळे मिटून आठवणं, सगळं. ती पायांवर शाल घेऊन खिडकीशी बसली होती, सगळं ऐकून घेतलं. मग मी शेवटचा पत्ता टाकला.

“इतकी वर्षं तू त्याच्या ताटलीतले काटे काढलेस. तेव्हा तो बाळ होता का?”

“होता,” धाकटी म्हणाली.

दोघीही हसलो. हसणं ओसरल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, “काट्याची भीती नाही गं. एवढासा काटा, काढता येतो. पण माझ्या तोंडात घास गेला की टेबलावरचं सगळ्यांचं बोलणं थांबतं. गिळलं की पुन्हा सुरू होतं. मला दिसत नाही तुम्ही माझ्या घशाकडे बघताय ते. पण ऐकू येतं ना.”

मला एकदम घरी जायचं होतं. गेले नाही. खाली दुकानात गेले आणि स्टुलावर बसून घड्याळजीला शब्दाला शब्द सांगितलं. म्हटलं, तिच्याकडे बघायचं नाही आणि बोलणं थांबवायचं नाही, एवढंच तिचं मागणं आहे. त्याने भिंग काढलं. फडक्याला पुसलं. मग अगदी चिंतेत पडून म्हणाला, “पण मी बोलू काय?”

पुढच्या रविवारी त्याने मासा उघड उघड घरी आणला. मासेवालीकडून नवीन चिमटाही मागून घेतला होता, ती केसासारखे बारीक काटे ओढते तसला. मी पोचले तेव्हा भाज्यांची झाकणं ओट्यावर मांडून झाली होती. आज धाकटीच्या डब्यांची झाकणं. धाकटी बाहेरच्या खोलीत पाठ ताठ करून बसली होती, आणि आतून चिमट्याचा टक टक आवाज येत होता. स्वयंपाकघरात उजेड कमी. बाकावरचा दिवा तिथे नव्हता, आणि भिंगातून मांसाचा वरचा थर दिसतो, आतला काटा दिसत नाही. त्याला जोडी सापडेना. तो खुपसत होता, उलटा करत होता, पुन्हा खुपसत होता.

धाकटीने थोडा वेळ ऐकलं, मग म्हणाली, “अहो, लगदा करताय तुम्ही त्याचा.”

तो आतून म्हणाला, एक उरलाय.

ती उठली. चौकट तिला दिसतेच. आत गेली, त्याला कोपराने सरकवलं आणि म्हणाली, चिमटा दाखवा. त्याने हातात दिला. तिने तो नाकाशी नेला, हुंगला, तरी समाधान झालं नाही, उकळत्या पाण्यात टाकायला लावला. मग बोटं धुतली आणि माशाच्या तुकड्यावरून एक बोट हलकेच फिरवलं, शेपटाकडून डोक्याकडे, उलट दिशेने.

“इथे,” म्हणाली.

त्याने चिमटा लावला. काटा आला.

“इथे. आणि त्याच्या शेजारी अजून एक, बारका.”

तोही आला. चिमटा बुडवायला त्याचा हात सवयीने डावीकडे गेला आणि ओट्यावर वाटी न सापडल्यामुळे हवेतच थांबला. धाकटीला ते दिसलं नसणार, पण ती म्हणाली, पाणी आहे तिथे, त्यात बुडवा. मी दारात उभी होते. मला पुष्कळ सुचत होतं, एक शब्दही बोलले नाही. माझ्या बाबतीत ही लहान गोष्ट नाही.

ती काटे शोधत होती, तो ओढत होता, मधूनच तिचं सूपही चाललं होतं. कांदा अजून झाला नाही, आच कमी करा. बेसिल आत्ता कशाला, थांबा. बीन्स कुस्करलेत की नाही? तो प्रत्येक गोष्टीला हूं म्हणत होता. तिने डोक्यांचं पाणी स्वतः गाळलं. दोन थेंब ओट्यावर सांडले, ते तिने पुसले नाहीत.

तिघं टेबलावर बसलो. धाकटीही, तिच्या जुन्या जागेवर. मी ठरवूनच आले होते. आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीची कटकट, वरच्या मजल्यावरच्या बाईचा कुत्रा, पेन्शनच्या ऑफिसातला तो झोपाळू कारकून, सगळं एकामागून एक सुरू केलं. सूप उत्तम होतं. धाकटी खात होती. कारकूनही संपत आला, कुत्राही संपला, आणि मी विषय बदलायच्या आतच तिचं चावणं थांबलं.

तिची जीभ आत काहीतरी शोधत होती. माझ्या तोंडातलं वाक्य तिथेच अडलं. मी ठरवलं होतं, घोकलं होतं, पण शब्द येईचना. टेबलावर ती शांतता पसरायला लागली, तीच, जिच्याबद्दल ती बोलली होती.

आणि घड्याळजी बोलायला लागला. ताटलीतच बघत, दुकानात बसल्यासारखा.

“त्या हॉटेलच्या मनोऱ्यावरचं घड्याळ,” तो म्हणाला, “ते पहिल्या आठवड्यातच दुरुस्त झालं होतं.”

मी त्याच्याकडे बघितलं. तो चमच्याने बटाट्याचा तुकडा उगाच इकडून तिकडे ढकलत होता. म्हणाला, काही विशेष नव्हतं, आत पारव्यांनी घरटं केलं होतं, एक दांडा वाकला होता. सरळ केला, तेल दिलं, चालू झालं. मॅनेजर झोपला होता, कुणी वर आलं नव्हतं.

धाकटीने दोन बोटं तोंडात घातली, काटा ओढून काढला आणि ताटलीच्या कडेला ठेवला, पूर्वी त्याचे ठेवायची तसा.

“मग?” तिने विचारलं.

“मग काय. एक चाक काढून खिशात घातलं. तुला ते सूप आवडायचं. रोज दुपारी जिन्यावरून वाकून वास घ्यायचीस.”

“आणि आठवडाभर वर काय करत होतात तुम्ही?”

“बसायचो. थंडी वाजायची.”

माझ्या डोळ्यांपुढे तो कापसाचा बोळा आला, आणि ज्या खिशात तो जायचा तो खिसा. इतक्या वर्षांत या माणसाने हे एकदाही सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ आज, मासा तोंडात असताना आली.

“आचाऱ्याला माहीत होतं?” तिने विचारलं.

“त्यानेच तर खूण केली होती. बोटाने. अजून थोडे दिवस.”

“चोर आहात दोघं,” ती म्हणाली, आणि रिकामी ताटली त्याच्या दिशेने पुढे केली. अंदाजाने केली, मिठाच्या डबीला धडकली, डबी कलंडली. घड्याळजीने आधी सूप वाढलं, डबी नंतर उचलली. कडेचा तो काटा सुपात पडू नये म्हणून तिने अंगठ्याने धरून ठेवला होता.

तो चिमटा आता तिच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेला आहे. दुकानात न्यायची बंदी आहे. मागच्या रविवारी मी विचारलं, पुन्हा कधी करताय सूप? दोघं एकदम म्हणाले, झालं की.